सियागंजातली सुटी खसखस: पारख, धुणं, अनारसे आणि 'नशा चढते का?' या प्रश्नाचं सरळ उत्तर

तवा चांगला तापवा आणि चिमूटभर खसखस त्यावर टाका. दाणे हलके बदामी झाले आणि खमंग वास सुटला, तर माल चोख. मधले काही दाणे टपटप फुटून पांढऱ्या लाह्या झाल्या, तर त्यात राजगिरा मिसळलाय. खसखस किलोला हजाराच्या वर जाते, राजगिरा त्याच्या कितीतरी खाली, म्हणून ही भेसळ होते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात. भिंगाखाली मात्र खसखशीचा दाणा घेवड्याच्या बीसारखा वाकलेला आणि अंगावर जाळी असलेला दिसतो, राजगिऱ्याचा गोल आणि गुळगुळीत.

इंदुरात घाऊक किराण्याला सियागंजच गाठावं. तिथे खसखस तीन तऱ्हेची मिळते: नीमच-मंदसौरकडून आलेली सुटी, तुर्कस्तानातून आयात झालेली आणि पाकीटबंद. तिघींत माळव्याची सुटी खसखस आम्ही पहिल्या नंबरवर ठेवू, पण नव्या पिकाची असेल तरच. हा दाणा मळकट पांढरा, किंचित पिवळसर असतो. तळहातावर घेऊन अंगठ्याने जोरात रगडला की तेलाची चकाकी येते आणि कच्च्या बदामासारखा वास येतो. शिळ्या खोबऱ्याचा वास आला तर दुकानदार कितीही कमी भाव लावो, घेऊ नका. खसखशीच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं, ते एकदा खवट झालं की भाजून, दुधात शिजवून, काहीही करून जात नाही. पुढची परीक्षा दाताची. ओलं बोट दाण्यांत बुडवून चावून पाहा. कचकच लागली तर रेती आहे. ती धुऊन जाते, पण तुम्ही खसखशीच्या भावाने रेती विकत घेताय हे लक्षात असू द्या.

पाकिटाची सोय आहे, स्वच्छताही बरी असते. अडचण तारखेची आहे. पाकिटावर पॅकिंगची तारीख छापलेली असते, ती पिकाची तारीख नव्हे. माळव्यात अफूची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, बोंडांना चिरे फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतात, मग बोंडं वाळली की दाणा निघून मंडीत येतो. म्हणजे वर्षाची खसखस मे-जूनमध्ये भरून ठेवणं सगळ्यांत शहाणपणाचं. दिवाळीच्या आठवड्यात भाव चढलेला असतो आणि नव्यात जुना माल मिसळलेला सापडतो.

एक घोटाळा आधीच मिटवू. हिरव्या सरबतातला 'खस' म्हणजे आपला वाळा, ती गवताची मुळी. तिचा खसखशीशी नावापलीकडे काही संबंध नाही.

आता तो प्रश्न. घरात अनारशांची तयारी सुरू झाली की कॉलेजातला भाचा विचारतोच, "मावशी, ही अफूचीच ना? मग नशा चढते का?" यावर "गप्प बस, भलतंसलतं विचारू नकोस" म्हणून भागत नाही. तो ते उत्तर मोबाइलवर शोधणार आणि तिथे त्याला अर्धवटच सापडणार. म्हणून पूर्ण उत्तर घरातच द्यावं.

होय, खसखस अफूच्याच झाडाची. हिरव्या बोंडाला संध्याकाळच्या आत बारीक चिरे देतात, रात्रभर पांढरा चीक पाझरून तपकिरी होतो आणि सकाळी तो खरवडून घेतात. ती अफू. तिच्यात मॉर्फिन आणि कोडीन असतं. बोंड वाळल्यावर आत जे दाणे खुळखुळतात ती खसखस. दाण्याच्या आत चीक नसतो. मात्र बोंड फोडताना वाळलेल्या चिकाचे आणि सालपटाचे कण दाण्याला बाहेरून चिकटतात, म्हणून न धुतलेल्या खसखशीवर मॉर्फिनचा मागमूस सापडतो. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने बोंडाचे सगळे भाग बंधनात आणले, दाणे तेवढे वगळले. शेतकऱ्याची सगळी अफू सरकारला द्यावी लागते, दाणा तो खुल्या मंडीत विकतो. परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय आपल्याच ग्वाल्हेरला आहे.

तेव्हा धुतलेल्या, शिजवलेल्या, ताटातल्या प्रमाणातल्या खसखशीने नशा चढत नाही. खीर खाऊन झोप येते ती दूध, तूप आणि साखरेने.

पण जिज्ञासेपोटी न धुतलेल्या दाण्यांचं पाणी काढून पिण्याचा जो प्रकार परदेशात पसरला, त्यात माणसं मेली आहेत, हेही त्याच दमात सांगावं. कारण साधं आहे. एका पोत्यातल्या दाण्यांवर चीक नावाला असतो, दुसऱ्यावर कित्येक पटींनी जास्त. दिसायला, वासाला दोन्ही सारखेच. काल जेवढ्याने काही झालं नाही तेवढ्यानेच आज श्वास मंदावू शकतो, आणि वर दारू किंवा झोपेची गोळी असेल तर धोका फारच वाढतो. तान्ह्या बाळाला झोप लागावी म्हणून खसखस वाटून तिचं दूध चाटवण्याचा सल्ला अजून कुणी कुणी देतं. तो मुळीच ऐकू नका. बाळाचा श्वास अडायला फार थोडं पुरतं.

डोडा हा वेगळा विषय आहे आणि माळव्यात तो लपून राहिलेला नाही. डोडा म्हणजे दाणे काढल्यावर उरलेलं बोंड. त्याचा चुरा पाण्यात उकळून पिणारे अंगमेहनतीच्या कामांत आणि लांब पल्ल्याच्या ट्रकवर भेटतात. सुरुवात थकवा जावा म्हणून होते. पहिल्यांदा अनेकांना मळमळतं, अंगाला खाज सुटते, शौचाला होत नाही. काही आठवड्यांत तेवढ्याच मात्रेने काम होईनासं होतं, मात्रा वाढते, आणि मग एक दिवस असा येतो की सुखासाठी नाही, तर आजारी पडू नये म्हणून प्यावं लागतं. व्यसन म्हणतात ते हे. त्यात मजा कधीच संपलेली असते. गर्द (म्हणजे ब्राउन शुगर), दुखण्याच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, सगळ्यांची वाट हीच, फक्त वेग कमी-जास्त.

थांबवल्यावर काय होतं तेही घरच्यांना माहीत हवं. गर्द असेल तर शेवटच्या डोसानंतर आठ-बारा तासांत जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. मग पोटात कळा, जुलाब, पायांत ओढ, झोप अजिबात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त त्रास होतो, आठवडाभरात ओसरतो. या त्रासासाठी मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांतून ऐकू येणारा शब्द म्हणजे 'टर्की'. खरा धोका मात्र टर्की संपल्यावर असतो. शरीराची सवय उतरलेली असते आणि माणूस जुन्याच मात्रेने परत घेतो, त्यात जीव जातो. म्हणून खोलीत कोंडून 'सोडवण्या'पेक्षा सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्यावं. जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीने टर्की आटोक्यात राहते आणि ओढ कमी होते. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायची. कुठे जायचं ते कळत नसेल तर १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे.

घरच्या जेवणाचा वाटा इथे मोठा आहे, औषधाची जागा मात्र ते घेत नाही. जुलाब चालू असताना ओआरएस, मीठ घातलेली भाताची पेज, केळं, पातळ ताक. भूक परतली की मऊ मुगाची खिचडी आणि वर चमचाभर तूप. शेव, कचोरी, तिखट रस्सा पंधरा दिवस लांब. आणि एक गोष्ट बहुतेक घरांत सुटते: उपचार चालू असलेल्या माणसाच्या ताटात खसखस येऊ देऊ नका. लघवीच्या तपासणीत खसखशीचं मॉर्फिनही उमटू शकतं. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या तपासणीतली मॉर्फिनची मर्यादा १९९८ साली मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली ती मुख्यतः याचसाठी. प्रामाणिकपणे सावरत असलेल्या माणसावर एका खिरीपायी खोटेपणाचा आळ यावा, याइतकी जिव्हारी लागणारी गोष्ट नाही.

थंडाईचंही असंच. होळीच्या थंडाईत खसखस असते, पण नशा भांगेची असते. भांग पोटात गेली की चढायला तास-दोन तास लागतात. अर्ध्या तासात काहीच होत नाही म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि पंचाईत होते. खसखस घालून थंडाई करायची तर घरीच करा.

आता धुणं. १०० ग्रॅम खसखस खोल पातेल्यात घ्या, चौपट कोमट पाणी घाला, हाताने ढवळा, मिनिटभर थांबा. साल आणि काड्या वर तरंगतात, त्या ओतून टाका. परत पाणी घाला, ढवळा, आणि दाणे फिरत असतानाच पाण्यासकट पातळ मलमलीवर ओता. रेती जड असते, ती पातेल्याच्या तळाशी राहते. असं तीनदा. पहिलं पाणी चहासारखं मळकट निघतं, तिसरं जवळजवळ नितळ. कोमट पाण्याने दाण्यावरचा चीक बराच उतरतो, पुढे भाजण्या-शिजवण्यात आणखी कमी होतो. मलमलीवर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, ओलसर राहिली तर दोन दिवसांत बुरशी धरते.

आणि अनारसे, कारण ही खसखस घ्यायची ती मुख्यतः त्यासाठीच. अर्धा किलो जुना तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर तास-दीड तास पसरा. हाताला दाणा दमट लागला पाहिजे, पण ओला नाही. कुटून किंवा मिक्सरवर दळून बारीक चाळणीने चाळा. पीठ वजन करा आणि त्याच्या पाऊणपट किसलेला चिकीविरहित गूळ, दोन चमचे तूप घालून मळून गोळा करा. चार-पाच दिवस घट्ट डब्यात मुरू द्या. मूठभर कोरडं पीठ मात्र बाजूला ठेवा, ते पुढे लागतं.

थापताना पोळपाटावर अर्धा चमचा खसखस पसरा, लिंबाएवढा गोळा त्यावर बोटांनी थापा. पंचवीस अनारशांना ४० ग्रॅमच्या आसपास खसखस पुरते. तूप मंद तापलेलं हवं. खसखशीची बाजू वर ठेवून सोडा, उलटू नका, झाऱ्याने तूप वर उडवत राहा. उलटलात तर खसखस करपून कडू होते आणि तुपात सुटून पुढचे सगळे अनारसे काळे करते. अनारसा तुपात पसरून विरघळला, म्हणजे हसला, तर गूळ जास्त झालाय. बाजूला ठेवलेलं पीठ चमचा-चमचा मळून एक तळून पाहा. जाळी पडली नाही, कडक झाला, तर गूळ कमी किंवा पीठ कोरडं. पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून मळा. खसखस गळून पडते तेव्हा गोळा वरून सुकलेला असतो, दुधाचं बोट फिरवून थापा. तळलेले चाळणीत उभे ठेवा, आडवे ठेवले तर तूप आतच राहतं.

खिरीत लोक चुकतात ते वाटताना. भिजलेली खसखस मोठ्या भांड्यात पात्यांखालून निसटते आणि दाणे अख्खेच राहतात. चटणीच्या लहान भांड्यात, तीन-चार टेबलस्पून खसखस दहा भिजवलेल्या बदामांबरोबर वाटली की पेस्ट मऊ होते. पाऊण लिटर दुधात ती मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं शिजवा. गूळ घालायचा तर आच बंद करून, दूध थोडं निवल्यावर, नाहीतर फाटतं.

फराळाचा डबा दुबईला जाणार असेल तर त्यात खसखस नको. अनारशांवर नाही आणि गोड्या मसाल्यातही नाही. अमिरातीत आणि सिंगापुरात ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, आणि विमानतळावर "घरचा मसाला आहे" हे कारण चालत नाही. अनारसे तिळावर थापा. चव वेगळी होते, पण छान लागते.

चार माणसांच्या घराला वर्षाला पाव किलो पुरे. धुऊन वाळवलेली काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, झाकण घट्ट. भाजलेली मात्र साठवू नका. भाजल्यावर तेल सुटतं आणि महिन्याभरात खवट वास धरतं. लागेल तेव्हा लागेल तेवढीच, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं भाजा.