जुन्या न्हाणीघरासाठी इपॉक्सी ग्राउट : वापरानंतरचे मत

25-30 वर्षांपूर्वीच्या न्हाणीघरात टाइल्स बहुधा धड असतात, काळवंडलेले असतात ते त्यांचे सांधे. म्हणून तोडफोड टाळून केवळ सांधे नव्याने भरण्यासाठी मी व्हाइट सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट, म्हणजे रेझिनवर आधारित सांधे भरण्याचे मिश्रण वापरले. त्यातील रेझिन, ते घट्ट करणारे हार्डनर आणि रंगीत पूड एकत्र केल्यावर मिश्रण साधारण पाऊण तासात घट्ट होऊ लागते व उन्हाळ्यात ही मुदत आणखी घटते, त्यामुळे एका वेळी थोडेच कालवावे. खरे कष्ट भरण्यात नसून जुना सांधा स्क्रेपरने 2-3 मिलिमीटर खोल खरवडून पूर्ण कोरडा करण्यात आहेत, ज्याविषयी दुकानदार सहसा बोलत नाहीत. टाइलवरचा चिकट थर ओल्या स्पंजने वेळीच पुसला नाही, तर नंतर तो निघता निघत नाही. हातमोजे अनिवार्य आहेत. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात लवचीक सिलिकॉन सीलंटच भरावे, कारण तेथील किंचित हालचालीनेही कडक ग्राउटला तडे जातात. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा हे बरेच महाग असले, तरी ते पाणी आणि साबणाचे डाग जवळजवळ शोषत नसल्याने शॉवरच्या भिंतीसाठी मला ही किंमत रास्त वाटते. मात्र खालच्या मजल्यावर गळती होत असेल, तर आधी वॉटरप्रूफिंग तपासून घ्यावे.