चाकावरची सीट: नव्या बसमार्गाचा नऊ महिन्यांचा अनुभव

मंगळवारी सकाळी ८:४० ला आमची फीडर बस (कॉलनीतून मोठ्या चौकापर्यंत नेणारी छोटी गाडी) चौथ्या थांब्यावर थांबली ती थांबलीच. मोटर ठीक, बॅटरी ६८ टक्के, ड्रायव्हरकाका ठणठणीत. मागचं दार आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बंद झालं होतं, फक्त गाडीला ते पटत नव्हतं. दार उघडं आहे असं या गाडीला वाटलं की ब्रेक सुटत नाही आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ढिम्म. नियम चांगला आहे, त्याने कित्येकांचे हातपाय वाचले असतील. पण दारात चिटपाखरू नसताना गाडी पीप-पीप करत उभी राहते तेव्हा त्या नियमाबद्दल आदर टिकत नाही. काकांनी मेन स्विच बंद केला, मनाशी वीसपर्यंत मोजलं, पुन्हा चालू केला. पीप-पीप. मागच्या एका मुलाने दाराला खांदा लावून पाहिला. पीप-पीप. शेवटी सगळे खाली. बाराव्या मिनिटाला यायची ती मागची गाडी एकोणिसाव्या मिनिटाला आली आणि दोन गाड्यांची माणसं एकीत कोंबून आम्ही निघालो.

त्या रात्री रागाने हे लिहायला बसलो होतो. मग नऊ महिने प्रवासाच्या वेळा टिपलेली वही काढली आणि राग जरा बाजूला सरकला. म्हणजे गेला नाही, त्याने जागा बदलली.

आधी कबुली. मार्ग बदलले तेव्हा विरोधाच्या अर्जावर आमच्या कॉलनीतली तिसरी सही माझी होती. जुना ४७ नंबर कोपऱ्यावर पकडायचा आणि ऑफिसच्या दारात उतरायचं. एक गाडी, एक झोप. नव्या आराखड्यात ४७ गेला. कॉलनीतून छोटी फीडर घ्यायची, मोठ्या चौकात उतरायचं, तिथून मुख्य रस्त्याची सरळ धावणारी गाडी. 'एका गाडीच्या जागी दोन गाड्या आणि वर याला सुधारणा म्हणायचं' हे वाक्य मी पहिल्या आठवड्यात निदान दहा जणांना ऐकवलं असेल. त्यात मी वर्षाचा पास आधीच काढून ठेवलेला, एकरकमी घेतला की स्वस्त पडतो म्हणून. त्यामुळे चिडून बस सोडायची सोयही नव्हती. पैसे भरलेत तर वसूल होईपर्यंत बसायचं, हा माझा स्वभाव. वही घातली तीही पास परत मागायला पुरावा हवा म्हणून.

वहीने दगा दिला. ४७ ला घरापासून ऑफिसपर्यंत सरासरी ८१ मिनिटं लागायची: २३ थांब्यावर, ५८ गाडीत. नव्या पद्धतीत पहिल्या दोन महिन्यांची सरासरी निघाली ५६. फीडरची वाट ६ मिनिटं, फीडरमध्ये १४, चौकात ५, मुख्य गाडीत ३१. मी आकडे दोनदा तपासले. अर्जावर सही केलेल्या माणसाला ते परवडणारे नव्हते.

हिशोब तसा साधा आहे, मी आधी केला नव्हता एवढंच. ४७ तीन वसाहतींची प्रदक्षिणा घालून जायचा. जाऊन-येऊन दोन तास आणि मार्गावर गाड्या तीन, म्हणजे ४० मिनिटांना एक. आता तीच संख्या, तीन गाड्या, फीडरवर आहेत. जायला १४, यायला १४, दोन्ही टोकांना मिळून ८ मिनिटं विश्रांती. एकूण ३६. भागिले तीन, दर १२ मिनिटांनी गाडी. एकही जादा बस न घेता. हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हेच मांडलं होतं, की थांब्यावर उभ्या माणसाचा वेळ हाही खर्च आहे आणि गाड्या जवळजवळ आल्या की तो खर्च सगळ्यांचाच उतरतो. आपण मात्र गाडीत बसल्यापासूनचा वेळ मोजतो आणि थांब्यावरचा नशिबाच्या खात्यात टाकतो. ४७ च्या त्या २३ मिनिटांबद्दल मी कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

अर्जवाल्यांची बाजू अगदीच खोटी होती असंही नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने १६ ऑगस्ट २०१५ ला जवळपास सगळं बसजाळं एका रात्रीत बदललं. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने १ जुलै २००४ ला तसंच केलं, आणि तिथे तर पहिल्या दिवसांत भाड्याच्या कार्डाची यंत्रंच बिघडून लोक संतापले होते. पुढे दोन्हीकडे घडी बसली. पण सोलमध्ये गाडी बदलली म्हणून पुन्हा तिकीट पडत नव्हतं, अंतराचा हिशोब सलग धरला जायचा. आमच्याकडे पासवाल्यांना फरक पडत नाही, सुट्या तिकिटावर जाणाऱ्याला मात्र दोनदा पैसे मोजावे लागतात. अर्जात हा एक मुद्दा धरून बसलो असतो तर काहीतरी पदरात पडलं असतं. आम्ही 'आमचा ४७ परत द्या' म्हणत राहिलो.

इथपर्यंत मार्गाची बाजू. आता गाडी.

नव्या फीडर गाड्या नऊ मीटरच्या, इलेक्ट्रिक, लो-फ्लोअर, म्हणजे तळ इतका खाली की दारात पायरीच नाही. बाकीची माहिती तुम्हाला असेलच. आवाज नाही, धूर नाही, सिग्नलला उभी असताना खिडक्यांची थडथड नाही. ब्रेक लावताना जरा हिसका बसतो, दोन-तीन आठवड्यांत पाय ते शिकतात. मला छळतं ते चाकाचं कुबड.

पुढच्या दाराने आत शिरलात की लगेच दोन्ही बाजूंना पुढच्या चाकांचे उंचवटे. टायरवर २६५/७० आर १९.५ असं लिहिलंय, म्हणजे चाक झालं साधारण ८६ सेंटिमीटर उंच. गाडीचा तळ जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर. उरलेलं अर्धा मीटर चाक जाणार कुठे? तळातून वर. त्यावर सस्पेन्शनची उसळी धरायची. शिवाय पुढची चाकं वळतात, म्हणून खोबण रुंदही हवी. तर गुडघ्याच्याही वर येणारे दोन डबे डावी-उजवीकडे, आणि रिकामी जागा दिसली की तिथे सीट बसवायचीच या जुन्या हव्यासापायी प्रत्येक डब्यावर एक सीट. त्या सीटवर बसलेल्या माणसाचे गुडघे वाटेत येतात. मधली वाट टेपने मोजली तर खाली ८४ सेंटिमीटर. खांद्याच्या उंचीवर, दोन्ही सीटवर माणसं आणि त्यांच्या मांडीवर पिशव्या असतील तर, एक सडपातळ माणूस आडवा होऊन जाईल एवढी.

आणि सगळे चढणारे याच वाटेने जाणार, कारण चढायचं दार पुढच्या चाकाच्या पुढे आहे. आत गेलेला माणूस मागे सरकत नाही, कारण मागच्या अर्ध्या भागात दोन पायऱ्या आहेत आणि 'तिकडे गेलो तर उतरताना अडकू' ही भीती. तो कुबडाच्या पलीकडे, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या सपाट तुकड्यात उभा राहतो. तो तुकडा भरला की कुबडाशी बूच. खाली सहा जण ताटकळतात आणि मागे चार सीट रिकाम्या.

एका सीटवरून एवढा गहजब का, असं घरीही विचारून झालंय. म्हणून हिशोबच देतो. गर्दीच्या वेळी या बुचापायी एका थांब्यावर सरासरी २० सेकंद जास्त जातात. थांबे ११. एका खेपेला २२० सेकंद, जाऊन-येऊन सव्वासात मिनिटांच्या वर. विश्रांतीसाठी ठेवलेली मिनिटं किती? आठ. म्हणजे काकांना पाणी प्यायला चाळीस सेकंद. कुठे सिग्नल चुकला की तेही गेले. मग उशिरा आलेल्या गाडीला थांब्यावर जास्त माणसं, त्यांना चढायला जास्त वेळ, ती आणखी उशिरा, आणि मागची मोकळी गाडी तिच्या शेपटाला येऊन चिकटते. दर १२ मिनिटांच्या जागी २, १० आणि २४ अशी अंतरं पडली तर गाड्या तेवढ्याच धावतात, पण थांब्यावरची सरासरी वाट ६ वरून साडेनवाच्या जवळ जाते. कारण उघड आहे, जास्त माणसं त्या २४ मिनिटांच्या भगदाडातच येऊन उभी असतात. मार्ग सरळ करून कमावलेला वेळ असा दाराशी सांडतो. चढण्यातला वेळ काय चीज आहे हे ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहराने १९९१ मध्ये नळीसारखे थांबे बांधून दाखवलंय: भाडं थांब्यात शिरतानाच द्यायचं, फलाट गाडीच्या तळाच्या पातळीला, सगळ्या दारांनी एकदम चढ-उतार. आमच्याकडे नळी नको, दोन सीट कमी करा म्हणतोय मी.

पाचव्या महिन्यापर्यंत माझं मत याहून कडक होतं. लो-फ्लोअरचं खूळ सोडा, जुन्या तीन पायऱ्यांच्या गाड्या फीडरवर आणा, त्यांचा तळ चाकांच्या वर असतो, आत कुबडाची भानगडच नाही. मुख्य मार्गावर त्याच धावतात आणि आतून कशा ऐसपैस आहेत. हे मत मी लेखी कळवलंही होतं. मग घोटा मुरगळला. साडेतीन आठवडे काठी. फीडर थांब्याला टेकली, फुस्स करून डाव्या अंगाने झुकली, आणि मी पाऊल न उचलता, नुसतं पुढे टाकून आत गेलो. पाठोपाठ एक आजी बाबागाडी ढकलत आल्या आणि म्हणाल्या, "सरका हो थोडं." मला सरकता येईना, त्यांना येता येईना, कारण मधे कुबड. पण दोघंही कोणी हात न देता आत आलो होतो. चौकात मुख्य गाडीच्या तीन पायऱ्या मी रोज दांड्याला लोंबकळून चढलो, आणि मागच्या माणसांचे सुस्कारे ऐकले. जुन्या गाड्या आणा हे पत्र आता मला माझं वाटत नाही. तळ खालीच हवा. दार पुढच्या चाकाच्या मागे हवं, दोन माणसं शेजारी-शेजारी चढतील एवढं, आणि कुबडावर सीट नको.

हे नुसतं माझं डोकं नाही, प्रयोग झालाय, तोही कोणी न ठरवता. सातव्या महिन्यात तीनपैकी एका गाडीची डाव्या कुबडावरची सीट मोडली. वर्कशॉपने ती उपटून वर पत्रा ठोकून दिला. शेवटचे आकडे ३१ असलेली गाडी. दुसऱ्या दिवसापासून लोक त्या पत्र्यावर बॅगा ठेवायला लागले, पोरं टेकायला लागली, आणि मधल्या वाटेतले गुडघे गायब. मी घड्याळ लावलं. आमच्या थांब्यावर ११ माणसं चढायला इतर दोन गाड्यांत ६१ सेकंद, ३१ मध्ये ३८. एकदा नाही, नऊ दिवस मोजलं, दोन-चार सेकंद इकडेतिकडे. एक सीट. तीही मोडकी.

मी आकड्यांसकट पत्र दिलं. उत्तर आलं याचंच आधी कौतुक वाटलं. गाडीतल्या आसनांची संख्या करारात ठरलेली आहे, ती कमी करता येणार नाही, सूचनेबद्दल आभार. म्हणजे बसायला किती सीट हे करारात आहे, त्या सीटपर्यंत पोचायला किती सेकंद हे नाही. गाडी घेताना सगळे सीट मोजतात, कारण त्या उभ्या गाडीत मोजता येतात. दारातलं बूच पाहायला सकाळी पावणेनऊला थांब्यावर यावं लागतं. निर्णय मागे घेता येत नाहीत असंही नाही. लंडनने २०१२ मध्ये नव्या दुमजली गाड्या काढल्या त्या न उघडणाऱ्या खिडक्यांच्या. प्रवासी आत उकडून निघाले, आणि २०१५ पासून त्याच गाड्यांना उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या. त्यापुढे दोन सीट काढणं म्हणजे चार बोल्टचं काम.

तेव्हापासून सवय झाली होती. लांबून नंबर बघायचा, ३१ असेल तर दिवस बरा. मंगळवारी दार बिघडून उभी राहिली ती ३१ च. म्हणून राग एवढा आला होता, बाकी कुठली गाडी असती तर मी इतकं लिहिलं नसतं. तीन दिवस तिच्या जागी गाडीच नव्हती, दोघींवर फीडर, १८ मिनिटांना एक, तीही कागदावर.

शनिवारी ती परत आली. दार एका झटक्यात बंद झालं, पीप-पीप नाही. वर्कशॉपने काम मन लावून केलं होतं. गाडी आलीच आहे तर राहिलेली सगळीच कामं उरकून घेतली असावीत, कारण डाव्या कुबडावर पत्रा नव्हता. नवी कोरी सीट होती, प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. रिकामी होती, आणि पासाचे तीन महिने बाकी आहेत. बसलो. गुडघे वाटेत, बॅग मांडीवर, आणि चढणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून म्हणतोय, "जरा पाय घ्या की आत."