शांतिमोहिमेचं प्रशिक्षण: आपापल्या खात्यात घ्यावं की तिघांनी एका वर्गात?

बेळगाव-खानापूर पट्ट्यात अशी घरं कमी नाहीत, जिथं एकजण फौजेत असतो, दुसरा पोलिसात आणि तिसरी एमएसडब्ल्यू करून एखाद्या संस्थेत राबत असते. आमचं घर त्यातलंच. पुतण्या सैन्यात कॅप्टन आहे, भाच्याला कर्नाटक पोलिसात सहा वर्षं झाली आणि धाकटी पुतणी महिलांच्या आरोग्यावर काम करते. गणपतीला सगळे जमले तेव्हा तिघांनी एकच प्रश्न काढला. ‘काका, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेवर जायचं तर शिकायचं कुठं? आपापल्या खात्यात, की सैनिक, पोलीस आणि नागरी कर्मचारी एकत्र बसवतात तिथं?’

तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली. ती का दिली, ते इथं मांडतो.

पुस्तक सगळ्यांना एकच आहे, हे आधी समजून घ्या. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये रवानगीपूर्व प्रशिक्षणाचं मूलभूत साहित्य तयार केलं आणि २०१७ मध्ये ते सुधारलं. मोहिमेची रचना, नागरिकांचं संरक्षण, लैंगिक शोषणाबद्दलची सक्त मनाई, मानवी हक्क हे सगळं त्यात आहे आणि ते सैनिक, पोलीस, नागरी कर्मचारी या तिघांनाही लागू आहे. इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. तेव्हा ‘तिकडे काहीतरी वेगळं शिकवतात’ या समजुतीने पैसे भरू नका. बदलतो तो बाकावरचा शेजारी.

आता खात्यातलं प्रशिक्षण. सैनिक आणि पोलिसांना पाठवण्याआधी तयार करणं ही पाठवणाऱ्या देशाची जबाबदारी असते. आपल्याकडे त्यासाठी दिल्लीत २००० पासून संयुक्त राष्ट्र शांतिरक्षण केंद्र आहे आणि त्याचा अनुभव मोठा आहे. पोलिसांचं उदाहरण घ्या. मोहिमेवर जाणारी पोलिसांची सशस्त्र तुकडी साधारण १४० जणांची असते. ढाल धरून रांग कशी राखायची, अश्रुधूर कधी सोडायचा, मागे कसं सरायचं, हे महिनोन्‌महिने एकत्र घाम गाळल्याशिवाय अंगात मुरत नाही. २००७ मध्ये भारताने लायबेरियात फक्त महिलांची पोलीस तुकडी पाठवली. त्या प्रकारची ती जगातली पहिली. एकामागून एक तुकड्या जात राहिल्या आणि ते काम २०१६ पर्यंत चाललं. असा सांघिकपणा मिश्र वर्गात दोन आठवड्यांत येत नाही. आपलं काम पक्कं नसताना एकत्र प्रशिक्षणाला गेलात तर तिथं तुम्ही फक्त ऐकून घ्याल, द्यायला तुमच्याकडे काही नसेल.

खात्यातल्या प्रशिक्षणाची उणीव मात्र खोल आहे, आणि ती वर्गात बसून कळत नाही. आपला शब्द सगळ्यांचाच आहे असं वाटायला लागतं. ‘गाव सुरक्षित आहे’ एवढं साधं वाक्य घ्या. माझ्या पुतण्यासाठी त्याचा अर्थ रस्ता मोकळा आहे, हत्यारबंद टोळी हटली आहे. भाच्यासाठी अर्थ असा की माणूस न घाबरता तक्रार द्यायला येतो. पुतणी विचारेल, बाई पाण्याला एकटी जाऊन परत येते का? तिघांच्या अहवालात एकाच गावाबद्दल तीन उत्तरं निघतील, आणि तिन्ही आपापल्या जागी खरी असतील.

हे मी आपल्याकडेच पाहिलंय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निपाणी भागात वेदगंगेकाठच्या एका गावाच्या शाळेत मी मदतीला होतो. बोटवाल्या जवानांकडे उतरवलेल्या माणसांचा आकडा होता. पोलिसांकडे कुलूप लागलेल्या घरांची नोंद होती. महसूलवाल्यांकडे रेशनकार्डांवरून केलेली यादी होती. प्रत्येकजण जीव तोडून काम करत होता. तरी एक म्हातारी तिन्ही याद्यांत ‘दुसऱ्यांकडे असेल’ अशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या माळ्यावर सापडली, सुखरूप. त्या रात्री तिन्ही याद्या एका टेबलावर मांडणारा कुणी नव्हता, आणि मलाही ते सुचलं नाही. एकत्र प्रशिक्षण म्हटलं की मला आजही तेच टेबल आठवतं.

एकत्र प्रशिक्षणाचा खरा कस सरावात लागतो. भाषणं कुठंही ऐकता येतात. सरावात समजा निर्वासितांच्या छावणीसमोर जमाव जमलाय, धान्याच्या गाड्या अडवल्यात, मागे कुणीतरी बंदुका घेऊन उभं आहे. सैनिकाला बळाच्या वापराचा एक नियम लागू असतो, पोलिसाला दुसरा. हे दोन स्वतंत्र कागद आहेत. जमाव आवरणं हे मुळात पोलीस तुकडीचं काम, आणि गोष्ट तिच्या आवाक्याबाहेर गेली की फौज पुढे येते. पण ‘आवाक्याबाहेर गेली’ हे ठरवणार कोण, वायरलेसवर कुणाला सांगणार, तेवढ्या वेळात गाड्यांवरचे नागरी कर्मचारी कुठं उभे राहणार? खात्याच्या वर्गात प्रत्येकजण आपला कागद वाचून उठतो. सूत्रं एका हातातून दुसऱ्या हातात जातात ती दोन-तीन मिनिटं फक्त एकत्र सरावात अनुभवता येतात.

हैतीची गोष्टही इथं लक्षात घेण्यासारखी आहे. २०१० मध्ये शांतिसेनेच्या छावणीतलं सांडपाणी नदीत गेलं आणि पटकी पसरली. जवळपास १० हजार माणसं दगावली. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी २०१६ मध्ये त्या देशाच्या लोकांची माफी मागितली. छावणीचे संडास हा फौजेचा विषय, नागरी प्रशासनाचा, की ठेकेदाराचा? ज्याने हा प्रश्न प्रशिक्षणात एकदा तरी ऐकलाय, तो छावणीत पाऊल टाकल्यावर नाली कुठं जाते ते बघेल.

अशी मिश्र केंद्रं नैरोबीत आहेत, घानात अक्रा इथं आहे. स्वीडनमध्ये १९९९ पासून ‘वायकिंग’ नावाचा मोठा सराव होतो, त्यात तिन्ही प्रकारची माणसं असतात. त्यांच्याही अडचणी आहेत. जागा मोजक्या, खर्च मोठा आणि सरकारी पैशावर भिस्त. कॅनडातलं १९९४ चं नावाजलेलं पिअर्सन केंद्र २०१३ मध्ये बंदच झालं. शिवाय गणवेशाचा दबाव असतो. वर्गात कर्नल बोलला की संस्थेतली पोरगी गप्प बसते. शिकवणाऱ्याने तिला बोलतं केलं नाही तर तो वर्ग नावापुरताच एकत्र.

मला एक खंत आहे. मराठा रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, सांब्र्याला हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे, पोलीस प्रशिक्षण आहे, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. सगळं हाकेच्या अंतरावर, आणि प्रत्येकाचं फाटक वेगळं. वर्षातून दोन दिवस जरी एकत्र सराव झाला तरी किती फरक पडेल!

आता तिघांची उत्तरं. कॅप्टनला म्हटलं, बटालियनबरोबर जाणार असशील तर खात्याचंच प्रशिक्षण पुरे. पण लष्करी निरीक्षक म्हणून निवड झाली तर एकत्र प्रशिक्षण मिळेल तसं घे. युद्धबंदी पाळली जाते का, ते पाहून कळवणारा हा निरीक्षक विनाशस्त्र असतो. कमरेला काही नसताना चौकीवरच्या माणसाशी बोलायचं असतं, आणि ते तू तुझ्या चुलत बहिणीकडून शिकशील.

भाच्याला निवड प्रक्रियेची तयारी आधी कर म्हटलं. किमान ५ वर्षांची नोकरी लागते, ती झाली आहे. अर्ज खात्यामार्फतच जाईल. भाषेच्या आणि गाडी चालवण्याच्या परीक्षेतच बरेच गळतात. निवड झाली की मग मिश्र वर्गाचा विचार.

पुतणीला मात्र सरळ सांगितलं की एकत्र प्रशिक्षण आधी घे. तिच्यामागे ना बटालियन आहे ना खातं. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून गेली तरी पहिल्याच दिवशी तिला वर्दीतल्या माणसांशी बोलावं लागेल. मराठी-कन्नडात वाढल्यामुळे दुभाष्याच्या आधाराने बोलणं तिला जड जाणार नाही, पण काँगोसारख्या मोहिमेसाठी फ्रेंच आत्तापासून धरायला हवी.

फी भरण्याआधी तिला संस्थेला फोनवर एकच गोष्ट विचारायला सांगितली आहे: सरावाच्या दिवशी माझ्या गटात पोलीस किती आणि सैनिक किती? आकडा सांगता आला नाही, तर ते पैसे फ्रेंचच्या क्लासला.