बडोद्याच्या दांडिया बाजारातलं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान

आईचं पायमशीन कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. निवृत्तीनंतर रिकामा दिवस खायला उठायचा. सयाजी रुग्णालयात जन्मणाऱ्या गरीब बाळांसाठी झबली शिवावीत असं मनाने घेतलं आणि मशीन टेम्पोत घालून दांडिया बाजारात नेलं.

दुकानातले काका गुजराती, पण आपल्याशी मराठीतच बोलतात. त्यांनी चामडी पट्टा बदलला, शटलमध्ये, म्हणजे खालचा दोरा असतो त्या भागात, अडकलेला दोऱ्याचा गुंता चिमट्याने ओढून काढला, चिकटलेले सांधे रॉकेलने धुतले. "ताई, मशीनचं पातळ तेलच घाला. खोबरेल थंडीत गोठतं," असं बजावलं. कापडाच्या उलट बाजूला दोऱ्याचे फासे दिसले तर वरच्या दोऱ्याचा ताण सैल, हे चिंधीवर शिवून दाखवलं. इतकं मन लावून कोण शिकवतं हल्ली!

मजुरी वाजवी. तारीख मात्र पाळत नाहीत, एक जादा चक्कर धरूनच चला.

आता सकाळचा चहा झाला की मी मशीनवर बसते. नवजात बाळाला टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला ठेवते, बटणाऐवजी बंद लावते. भूक लागते, झोप लागते, उद्याची वाट बघावीशी वाटते. मलमल शिवणार असाल तर ११ नंबरची सुई मागा, तिथेच मिळते.