डंकर्कचा खंजीर आणि माझे १६५० पाउंड

लिहू की नको करत तीन आठवडे घालवले. लाज वाटते हो. बारा वर्षं मिलिटरी सुऱ्या-खंजिरांचा नाद आहे मला, चार लोकांना शहाणपणा शिकवत असतो, आणि शेवटी टोपी घातली गेली ती मलाच. तरी लिहितोय, कारण मला नकली खंजीर विकणारा तो माणूस अजून विकतोय.

वस्तू म्हणजे फेअरबर्न-साइक्स खंजीर, ब्रिटिश कमांडोंचा, आणि तोही विल्किन्सन स्वॉर्ड कंपनीचा फर्स्ट पॅटर्न, म्हणजे पहिला नमुना. विल्यम फेअरबर्न आणि एरिक साइक्स दोघं शांघायच्या म्युनिसिपल पोलिसात मुरलेले, १९४० मध्ये ब्रिटनमध्ये आले आणि स्कॉटलंडमध्ये कमांडोंना हातघाईची लढाई शिकवायला लागले. नोव्हेंबर १९४० मध्ये ते विल्किन्सनकडे गेले, तिथे हा खंजीर ठरला आणि पहिले नग जानेवारी १९४१ मध्ये निघाले. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे माझं नाक कापणार आहे ती. विल्किन्सन म्हणजे १७७२ मध्ये हेन्री नॉक नावाच्या बंदुका बनवणाऱ्याने लंडनमध्ये सुरू केलेली कंपनी, नंतर तलवारींसाठी नावाजलेली, आपल्या लोकांना मात्र दाढीच्या ब्लेडमुळे माहीत. तलवारींचा कारखाना २००५ मध्येच बंद झाला, त्यामुळे जाऊन दाखवावं म्हटलं तर तेही दार नाही.

फर्स्ट पॅटर्नलाच एवढा भाव का? कारण तो थोडाच काळ बनला. मुठीपुढची आडवी पट्टी S सारखी वळलेली, पात्याच्या मुळाशी छोटा सपाट चौकोन आणि त्यावर एका बाजूला कंपनीचं नाव, दुसऱ्या बाजूला खंजिराचं. मूठ भरीव पितळेची. १९४२ मध्ये सेकंड पॅटर्न आला, पट्टी सरळ झाली, चौकोन गेला. १९४३ मध्ये थर्ड, त्याची मूठ जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव, कड्या-कड्यांची. ते युद्धानंतरही शेफील्डमध्ये ढिगाने बनत राहिले. म्हणजे नकली करायचाच तर लोक कुठला करणार ते कळलंच असेल.

आता माझा पराक्रम. जाहिरात दिसली, फोटो सहा, सोबत टाइप केलेलं पत्र, ‘आजोबांनी हा खंजीर डंकर्कला वापरला, कुटुंबात जपलाय, आता पैशाची अडचण आहे’. आधी रडकथा, मग घाई, मग बँकेतून ट्रान्सफर, फसवणुकीची ठरलेली पद्धत, तुम्हाला नव्याने काय सांगायचं. २०० पाउंड अॅडव्हान्स मागितला, दिला.

डंकर्क! फ्रान्सच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य माघारी आणलं ते, मे-जून १९४०. खंजीर ठरला नोव्हेंबरात. जी गोष्ट मी वर घडाघडा सांगितली ती पत्र वाचतानाही मला येत होती, अगदी डोक्यात वाजलीसुद्धा, आणि मी स्वतःच स्वतःची समजूत काढली की म्हाताऱ्या माणसांच्या तारखा इकडेतिकडे होतात, नातवाने ऐकून लिहिलंय, उलट चूक आहे म्हणजे पत्र खरंच असणार! हे आठवलं की अजून रात्री उठून बसतो. माणसाला वस्तू हवी असली की वकीलही तो स्वतःच होतो.

भेटायचं ठरलं मोटरवेच्या सर्व्हिस स्टेशनच्या पार्किंगमध्ये, संध्याकाळी सहाला, नोव्हेंबर महिना, म्हणजे काळोखच. टॉवेलात गुंडाळून आणला होता. मी टॉर्च काढला तर म्हणाला, अहो उघड्यावर धरू नका, कॅमेरे आहेत. आता ब्रिटनमध्ये सबळ कारण नसताना असलं पातं सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणं गुन्हा आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे घाम मलाच फुटला. त्याने ते बरोबर ओळखलं होतं. मागच्या सीटवर, टॉवेलाच्या आत, मोबाइलच्या उजेडात मी पंचेचाळीस सेकंद बघितलं असेल. मुठीच्या टोकाला, नटजवळ, एक टवका उडालेला, निकेलचा मुलामा गेलेला, आणि आतून दिसत होता राखाडी रंग. पितळेची मूठ असती तर तिथे पिवळं दिसायला हवं. मी त्यावरून अंगठासुद्धा फिरवला, आणि फोन काढून उरलेले १४५० पाउंड तिथेच पाठवून दिले.

तुम्ही म्हणाल मूर्ख आहे. आहे. पण अंधार, थंडी, मागे पोलिसांची भीती, आणि समोरचा माणूस आजोबांबद्दल बोलताना डोळे पुसतोय, ह्यात नट कोण बघतं? असो. उजेडात बघा, घरात बघा, जो उजेड टाळतो त्याच्याकडून काही घेऊ नका.

दोन दिवसांनी एका लिलाववाल्यांकडच्या जाणकाराला दाखवला. त्याने भिंगसुद्धा नीट लावलं नाही. अक्षरं लेझरची, चौकोनाच्या कडा गोल, पट्टी साच्यातून काढलेली. किंमत विचारली तर म्हणाला शोभेची वस्तू म्हणून ४० पाउंड, तेही म्यान चांगलं आहे म्हणून. पेट्रोलचे ३८ धरून माझे एकूण १६८८ गेले.

मग सुरू झाली वारी. बँक. ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की फसवून ट्रान्सफर करून घेतलेले पैसे बँकेने परत द्यायचे, मी खुश. पन्नास मिनिटं होल्डवर ठेवून बाई विचारतात, वस्तू मिळाली का? मिळाली. बघून घेतली का? हो. मग हा तुमचा आपसातला दिवाणी वाद, त्याला नियम लागू नाही. म्हणजे त्याने काहीच दिलं नसतं तर मला पैसे मिळण्याची आशा होती, नकली दिला म्हणून नाही! फसवणुकीची ऑनलाइन तक्रार केली, रेफरन्स नंबर आला, नंतर ईमेल की तपासासाठी पुरेसा धागा नाही. धागा नाही? खाते नंबर दिला, फोन नंबर दिला, चाळीस मेसेजचे स्क्रीनशॉट दिले, अजून काय त्याला कानाला धरून आणू? पोलिसांना फोन केला तर पलीकडच्याने पहिलं काय विचारलं, तर व्यवहार कुठे झाला आणि खंजीर आता कुठे आहे. मी गप्प. मग अगदी प्रेमाने म्हणाला, नको असेल तर स्टेशनबाहेर सुऱ्या टाकायची पेटी आहे, त्यात टाका, कुणी काही विचारणार नाही. १६५० पाउंड पेटीत टाका म्हणे! कोर्टात छोटा दावा लावायचा तर त्याचा पत्ता हवा, आणि पत्ता मी घेतलाच नव्हता. पार्किंगला कुठला पत्ता. अॅडव्हान्स द्यायच्या आधी पत्ता घ्या, कार्डाने पैसे द्या, आणि पत्राला पुरावा समजू नका, पत्र कोणीही टाइप करतं.

त्या रात्री रागाच्या भरात त्याला लांबलचक मेसेज टाकला. डंकर्कच्या वेळी हा खंजीर जन्मालाच आला नव्हता रे गाढवा, कमांडोंचा नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवरचा छापा मार्च १९४१ चा, निदान तो तरी लिहायचास, आणि मूठ पितळेची असते. बायको म्हणाली, कशाला त्याला एवढं समजावतोस. मला वाटलं जिरली.

गेल्या मंगळवारी नवी जाहिरात लागली. तेच पत्र, तेच आजोबा, फक्त डंकर्क गेलं आणि तिथे लिहिलंय ‘लोफोटेन, मार्च १९४१’. भाव १९५०. फोटो ह्या वेळी पाचच आहेत, नटचा नाहीये.