ग्लासात कडाकरपा दाखवला अन् 13,133 रुपयांना बुडवून गेला

मौदा, रामटेक, पारशिवनी, कुही भागातल्या धानवाल्यांनो, कंपनीचा डॉक्टर म्हणवणारा कोणी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, आला तर आधी पक्कं बिल मागा. बिलाचं नाव काढलं की हे लोक गाडीला किक मारतात.

धान पोटरीत असताना माझ्या तीन एकरांत पानांच्या कडा शेंड्याकडून पिवळ्या पडून वाळत चालल्या होत्या. तेव्हा असाच एक "डॉक्टर" आला. या पठ्ठ्यानं बघताक्षणी "कडाकरपा, जिवाणूचा" म्हटलं. खरंच होतं ते. पान कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरलं, तर कापल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरला. ही चाचणीही खरीच. मग आपल्या बाटलीतले चार थेंब टाकले आणि पाणी निवळ! तिथंच त्याची कॉलर धरायची होती. ग्लासातलं पाणी निवळलं म्हणजे पानाच्या शिरांतले जिवाणू मेले का? पण निम्मं खरं बोलणाऱ्यावर, डोळ्यांदेखत पीक वाळत असताना, कोण संशय घेईल?

त्याच्याकडून घेतलेल्या सहा बाटल्या 1,850 प्रमाणे 11,100. फवारणीची मजुरी 1,500. वरून "हिरवं होईल" म्हणून त्याच्या सांगण्यावरून टाकलेल्या युरियाच्या दोन बॅगा, 533. युरिया म्हणजे या रोगाला खुराक! बाटलीवर ना नोंदणी क्रमांक, ना विषाचा रंगीत चौकोन, नुसतं "जैविक". असली बाटली हातातही घेऊ नका.

तेवढ्यात पाऊसवारा झाला, पाणी या बांधीतून त्या बांधीत गेलं आणि करपा शेजाऱ्याकडेही पोचला. आता तो माझ्याशी बोलत नाही. रोग दिसला की जमलं तर पाणी बांधीबाहेर काढा, पण दुसऱ्याच्या बांधीत सोडू नका; तशी सोय नसेल तर बांधीतच अडवा. दवात धानात शिरू नका. रोवणीला पऱ्ह्यांचे, म्हणजे रोपांचे, शेंडे खुडू नका, जखमेतूनही जिवाणू आत जातो.

कृषी कार्यालयात म्हणाले, बिल नाही तर तक्रार कशाची? नमुना घ्यायला सीलबंद बाटली लागते, तुमची तर फोडलेली. अहो, न फोडता फवारू कशी? पोलीस म्हणाले, हा कृषीचा विषय. कृषीवाले म्हणाले, फसवणूक पोलिसांची. साहेब दौऱ्यावर, अर्ज आवकमध्ये, पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. बिल देणारा असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? तो माणूस मात्र पुढच्या गावात ग्लास घेऊन उभा असेल. दिसला तर गाडीच्या नंबराचा फोटो काढा, आणि बाटल्या आधीच घेऊन बसला असाल तर एक न फोडता ठेवा.