रेड वेडिंग की ग्रीन कौन्सिल, आपलीच माणसं उलटण्याचा कुठला एपिसोड भारी?

मालवणात आमच्या भावंडांचा हा वाद कायमचा. रेड वेडिंग म्हणजे गेम ऑफ थ्रोन्स मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा नववा एपिसोड (२०१३), की ग्रीन कौन्सिल म्हणजे हाऊस ऑफ द ड्रॅगन मालिकेच्या पहिल्याचा नववा (२०२२)?

माझं मत सरळ रेड वेडिंगला. उत्तरेचा राजा रॉब स्टार्कने सरदार फ्रेच्या मुलीशी लग्नाचा शब्द मोडला तिथूनच सगळं बिनसलं, पण हादरवतो तो रॉबचाच सरदार रूज बोल्टन. रॉबच्या आईला, कॅटलिनला, बोल्टनच्या बाहीखाली चिलखत दिसतं, बस, एका क्षणात कळतं की हा आपला राहिलेलाच नाही, आणि तोवर दारं बंद झालेली, वाजंत्र्यांनी धून बदललेली. मीठ-भाकरी देऊन घरात घेतलेल्या पाहुण्यावर हात टाकणं, हे आपल्या कोकणातल्या माणसाला जरा जास्तच लागतं.

ग्रीन कौन्सिलमध्ये मात्र अस्सल भाऊबंदकी, सातबाऱ्यावरच्या नावांवरून आपल्याकडे चालते ना तशीच. राजा गेल्याची बातमी दाबायची आणि बंद दाराआड वारस बदलायचा. म्हातारा खजिनदार बीसबरी एकटाच विरोध करतो, तर राजरक्षक क्रिस्टन कोल त्याला असा दाबून बसवतो की डोकं टेबलावर आपटून तो जागीच मरतो. राजरक्षकांचा प्रमुख वेस्टरलिंग पद सोडून पांढरा झगा काढून टाकतो तो सीन पण जबरदस्त. राजरक्षकांतल्याच जुळ्या कारगिल भावांची फाटाफूट मात्र घाईत उरकलीय. आणि कैदेतून सुटलेली राजकन्या रेनिस ड्रॅगनवर बसलेली, सगळे शत्रू समोर, तरी जाळत नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही.